सर्दीवाली

पाकीट अडकलं होतं हे खरं. निदान पहिल्या खेपेला तरी खरंच अडकलं होतं. कारखान्याच्या विश्रांतीच्या खोलीत, लोखंडी कपाटांच्या रांगेच्या टोकाला, नाणं टाकलं की खाऊची पाकिटं देणारं ते मशीन उभं होतं. मी बिस्किटांचं बटण दाबलं, आतली स्प्रिंग कंटाळल्यासारखी फिरली आणि पाकीट काठावर येऊन एका कोपऱ्यावर लटकून राहिलं. सकाळपासून मी तिथल्या लोकांचे कान तपासत होते. पत्रे ठोकून आकार देणारा कारखाना तो, त्यामुळे तिथल्या माणसांच्या कानांची दरवर्षी तपासणी करावी लागते, आणि आमच्या दवाखान्याची गाडी घेऊन ते करायला मला पाठवतात. गाडीत एक छोटी आवाजबंद खोली आहे. त्यात एकेकाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि सांगायचं, सूर ऐकू आला की दाबा. दिवसभर हेच. त्यात मला मरणाची सर्दी झाली होती आणि पोटात काही नव्हतं. मशीनवर एक चिठ्ठी चिकटवलेली होती. ‘माल अडकल्यास मशीनला मारू नये. या नंबरवर फोन करावा.’ खालचा नंबर मी वाचला आणि पुन्हा वाचला. तो माझ्या बाबांचा होता.

वहिनीने मशीनचा धंदा सुरू केलाय हे मला माहीत होतं. कुणाला माहीत नव्हतं? एक बंद पडलेलं कॉलेज सामान काढत होतं, तिथून तिने पहिलं मशीन उचललं आणि ठेवायला जागा मिळेपर्यंत ते दादाच्या घरी बैठकीच्या खोलीत, सोफा सरकवून, येऊन बसलं. मी त्या दिवसांत गेले तर घरात जत्रा. संध्याकाळच्या चहाबरोबरची बिस्किटंसुद्धा घरातल्या माणसांनी मशीनमधूनच घ्यायची, सराव म्हणून. बाबा ऐटीत उठायचे, नाणं टाकायचे, पाकीट घ्यायचे. मग वहिनी मागचं दार उघडून तेच नाणं काढायची आणि उद्यासाठी बाबांच्या हातावर ठेवायची. दोघं हसायची. दादाही हसायचा, पण तो कशालाही हसतो. मी मात्र सोफ्यावर पाय वर घेऊन बसले होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. कारण बाबा, जे माझ्या घरी आले की खुर्चीच्या काठावर बसतात आणि “निघू का?” एवढंच विचारतात, ते जमिनीवर मांडी घालून मशीनच्या पोटात डोकं घालून बसले होते आणि आतून सांगत होते, “सूनबाई, या रांगेची स्प्रिंग अर्धा आटा पुढे घ्यायला हवी.” आणि ती म्हणत होती, “घ्या ना बाबा, तुम्हाला कळतं त्यातलं.” आई गेल्यावर मी त्यांना म्हटलं होतं, माझ्याकडे या. ते म्हणाले, “तुझ्याकडे येऊन मी काय करू?” हे मी मनाला लावून घेतलं नव्हतं, असं मी सगळ्यांना सांगत असते.

पण मशीन या कारखान्यात लागलंय आणि तक्रारीचा फोन बाबांकडे दिलाय, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी नंबराकडे बघत उभी राहिले. कारखान्यात मोबाइल फाटकावर जमा करावा लागतो, म्हणून भिंतीवर एक फोन आहे, सगळ्यांच्या हातांनी काळा पडलेला. मी तो उचलला. उचलताना माझ्या मनात एवढंच होतं की बाबांना चकित करावं, म्हणावं, ओळखा पाहू कोण अडकलंय. पलीकडून “बोला” असा आवाज आला आणि मी म्हटलं, “पाकीट अडकलंय हो.” नाक चोंदलेलं, घसा बसलेला. माझाच आवाज मला परका वाटला. त्यांनी ओळखला नाही. “अडकू दे, पडेल ते,” बाबा म्हणाले. “तू घाबरू नकोस, बाळ. कुठल्या मशीनसमोर उभी आहेस?” मी कारखान्याचं नाव सांगितलं. “कितवी रांग? खालून दुसरी ना? हट्टी आहे ती जरा. मशीनला मारू नकोस हं. त्याच्या उजव्या अंगाला तळहात टेकव आणि थोपट. जोरात नाही. पोर झोपवताना थोपटतो तसं. कर तू, मी इथेच आहे.” मी थोपटलं. पाकीट पडलं. “आवाज आला मला!” ते एवढे खूश झाले की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. “खा आता. आणि सर्दीला काहीतरी घे, अंगावर काढू नकोस.” फोन ठेवल्यावर मी ती बिस्किटं उभ्यानेच खाल्ली आणि मला रडू आलं, आणि लगेच मग संताप आला. बाळ! उभ्या जन्मात त्यांनी मला कधी बाळ म्हटलं नव्हतं. मला ते ‘धाकटी’ म्हणतात, तेही दुसऱ्याशी बोलताना. धाकटी आलीय, धाकटी निघाली. आणि ही कोण कुठली कारखान्यातली बाई, जिचं नाव नाही, चेहरा नाही, तिला बाळ.

मी इथेच आहे. हे वाक्य मी त्याआधी एकदाच ऐकलं होतं. बाबा लिफ्टच्या कंपनीत होते. कुठे लिफ्ट बंद पडली, कुणी आत अडकलं की त्यांना बोलावणं यायचं आणि ते जेवणाच्या ताटावरून उठून जायचे. एकदा सुट्टीच्या दिवशी आई आजारी होती म्हणून ते मला बरोबर घेऊन गेले. एका उंच इमारतीत दोन मजल्यांच्या मधे एक बाई अडकली होती. वरची मोटर जळली होती, दुसरा माणूस सामान घेऊन येईपर्यंत काहीच करता येत नव्हतं. बाबा जिन्यासमोरच्या फरशीवर आडवे झाले, दाराच्या फटीला तोंड लावलं आणि त्या बाईशी बोलायला लागले. मी पायरीवर त्यांची हत्यारांची पिशवी सांभाळत बसले होते. बाबा तिला विचारत होते, मुलं किती, कितवीत आहेत, स्वयंपाकात काय राहिलंय. ती रडायला लागली की म्हणायचे, “मी इथेच आहे. कुठे जात नाही मी.” त्यांनी तिला एक विनोदसुद्धा सांगितला आणि त्या बंद पेटीतून हसण्याचा आवाज आला. माझ्या बाबांना विनोद येतात हे मला त्या दिवशी कळलं. आमच्या घरी ते बोलत नसत. घरी आले की हातपाय धुवायचे, जेवायचे, रेडिओ कानाशी धरून झोपायचे. आई म्हणायची, दमतात गं ते. आणि इथे दमलेला माणूस फरशीवर पालथा पडून परक्या बाईला हसवत होता. ती बाहेर आली तेव्हा तिने बाबांचे दोन्ही हात धरले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “भाग्यवान आहेस हो, असे वडील मिळाले.” मला ती बाई अजून आठवते, तिच्या हिरव्या पर्सच्या तुटलेल्या बंदासकट, आणि अजूनही ती मला आवडत नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी न्हाणीघरात शिरले, कडी लावली आणि आतून ओरडले, कडी अडकली. कडी अडकली नव्हती. मी ओल्या फरशीवर दाराला कान लावून बसले आणि वाट बघितली. बाबांची पावलं आली. मी म्हटलं, “बाबा, मला भीती वाटतेय.” बाहेरून काही शब्द आला नाही. बिजागरीत स्क्रू ड्रायव्हर घातल्याचा खरखर आवाज झाला, दार जागेवरून निघालं आणि बाबा ते हातात धरून उभे होते. “बाहेर ये,” म्हणाले. झालं. मी बाहेर आले, त्यांनी दार पुन्हा बसवलं आणि ते जेवायला गेले. मोठेपणी लोकांना गंमत म्हणून मी हे सांगते तेव्हा ते हसतात आणि म्हणतात, किती तत्पर होते तुझे बाबा.

तर दुसऱ्या दिवशी सर्दी उतरली होती तरी मी नाकातून बोलले. काहीही अडकलेलं नव्हतं. मशीन बापडं गपचूप उभं होतं, त्याच्या आतला दिवा लागलेला, पाकिटं रांगेत. “पाकीट अडकलंय हो काका.” “कालचीच ना तू? सर्दीवाली?” बाबांनी लगेच ओळखलं. ओळखलं म्हणजे तिला ओळखलं. “काही घेतलंस का? वाफ घे. आणि तो पंखा डोक्यावर असेल तर जागा बदल.” मी थोपटल्याचं नाटक केलं, पडलं म्हणून सांगितलं, ते पुन्हा खूश झाले. मग ते रोजचंच झालं. कारखाना मोठा, पाळ्या अनेक, तपासणी बरेच दिवस चालणार होती. जेवणाच्या सुट्टीत खोली भरण्याआधी मी तिथे जायची. एखादा कामगार बाकावर टॉवेल तोंडावर टाकून झोपलेला असायचा, त्याला तसंही कमीच ऐकू यायचं, त्याचा कागद मीच भरलेला होता. मी फोन उचलायची आणि आपल्या वडिलांशी बोलायची. एवढं साधं होतं ते. मला त्यांच्याकडून कळलं की ते सकाळी गच्चीवर चालतात, की त्यांना गुडघ्याचा त्रास आहे, पण “सुनेला सांगत नाही, ती उगाच धावपळ करते”. मला कळलं की मोटरीला जीव असतो असं त्यांना वाटतं. एकदा त्यांनी मला तो लिफ्टमधला विनोद सांगितला. मी लहान असताना मला तो नीट ऐकू आला नव्हता. फार काही बरा नव्हता तो, पण मी इतकी हसले की बाकावरचा माणूस उठून बसला.

रविवारी दादाकडे जेवायला गेले की तेच बाबा. “आलीस?” “हो.” “बरं.” आणि पानात मान. मी विचारलं, “बाबा, गुडघे कसे आहेत?” तर म्हणाले, “गुडघ्यांना काय झालंय?” मग त्यांचा फोन वाजला, वहिनीने मुलींच्या एका हॉस्टेलमध्ये मशीन लावलं होतं, त्याच्यासमोरून कुणीतरी बोलत होतं, आणि बाबा ताटावरून उठून खिडकीशी गेले, पाठ आमच्याकडे करून, आणि तिथून तो आवाज आला, ऊबदार, मोकळा, “अडकू दे बाळ, पडेल ते.” वहिनी माझ्या पानात वाढत म्हणाली, “बघ ना, फोन यायला लागल्यापासून काय खुललेत. मलाच सुचलं ते. म्हटलं, आयुष्यभर अडकलेल्या माणसांशी बोललेत, हे त्यांच्याइतकं कोणाला जमणार?” तिलाच सुचलं. मी बाबांना रक्तदाबाच्या गोळ्यांचा डबा दिला होता, कप्प्याकप्प्यांचा, वारांची नावं असलेला. पायात घालायला मऊ चपला दिल्या होत्या. म्हाताऱ्या माणसाला जे जे द्यावं ते मी सगळं दिलं होतं, आणि ही बाई, जी त्यांना उण्यापुऱ्या काही वर्षांपासून ओळखते, तिने त्यांना त्यांचा आवाज काढून हातात दिला. चांगल्या मनाने दिला, हे जास्त खुपलं. ती लबाड असती तर मला केवढा आधार झाला असता.

खिडकीपासून परत येऊन बाबा पाटावर बसले आणि वहिनीला म्हणाले, “कारखान्यातल्या त्या सर्दीवालीने आज नाही केला फोन. रविवार आहे ना. पोरीला जेवायला वेळ मिळत नसावा, रोज बिस्किटांवर भागवते. आवाजात कसलं तरी दुःख आहे तिच्या.” हे ते सुनेला सांगत होते, भात कालवत, आणि मी समोर बसले होते. माझ्या आवाजात दुःख आहे हे माझ्या बाबांना कळलं होतं, फक्त ते माझं आहे हे कळलं नव्हतं. “तिला म्हणावं डबा आणत जा,” दादा हसून म्हणाला. “म्हटलं की,” बाबा म्हणाले. “तिला आई नसावी.” आणि खरं सांगते, त्या क्षणी मला त्या सर्दीवालीचा हेवा वाटला. मी तिची बोटं, तिची मान, तिच्या हातातला तो काळा पडलेला फोन डोळ्यांसमोर आणून तिचा राग राग केला. ती त्यांची काळजी पळवत होती. ती नसती तर कदाचित ती काळजी शोधत शोधत माझ्यापर्यंत आली असती. घरी गेल्यावर मी आरशासमोर उभी राहून नाकातून बोलून बघितलं, “पाकीट अडकलंय हो काका,” आणि मला आरशातली बाई लोचट वाटली. उद्यापासून बंद, असं मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी सुट्टीची घंटा होण्याआधीच मी भिंतीजवळ उभी होते.

वहिनी अशात थकलेली दिसायला लागली होती. तिच्याकडे आता आणखी दोन मशीनं होती आणि ती भरायला, पुसायला, जुना माल पुढे आणि नवा मागे लावायला ती एकटीच फिरायची. त्यात कारखान्यातून रोज तक्रार, म्हणून रोज तिथे खेप. ती यायची तेव्हा मी गाडीतल्या आवाजबंद खोलीबाहेर बसलेली असायची आणि काचेतून तिला बघायची, दोन्ही हातांत खोकी, केस विस्कटलेले. मी हाक मारली नाही. तिने स्प्रिंग बदलली, कप्पा बदलला, शेवटी बिस्किटंच बदलली. तिकडे हॉस्टेलचं मशीन रिकामं राहायला लागलं आणि हॉस्टेलवाल्यांनी सांगितलं की असंच चाललं तर तुमचं मशीन घेऊन जा. मग एका रविवारी, जेवणं झाल्यावर, बाबा गच्चीवर गेलेले असताना तिने मला स्वयंपाकघरात ओढलं. “एक विचारू? बाबांचं काहीतरी बिघडलंय गं. त्या कारखान्याच्या मशीनमध्ये काहीच अडकत नाही. मशीन स्वतः नोंद ठेवतं, कुठलं बटण कधी दाबलं त्याची. बाबा म्हणतात त्या वेळी कुणी बटणच दाबलेलं नसतं. मी तिथल्या लोकांना विचारलं, अशी सर्दी झालेली मुलगीच नाही तिथे. आणि बाबा तर तिच्याबद्दल एवढं सांगतात, तिला आई नाही, तिला विनोद आवडतात…” वहिनीचे डोळे भरले. “मला वाटतं, फोन दुसऱ्याच कुठल्या मशीनचा असतो, त्यांना नीट ऐकू येत नाही आणि उरलेलं ते मनाने भरतात. मी फोन काढून घेणार आहे त्यांच्याकडून. माझ्या जिवावर आलंय, पण धंदा बसेल माझा. तू फक्त एकदा त्यांचे कान तपास. तुझा कागद दाखवला तर त्यांना अपमान वाटणार नाही.”

मी तिथे सांगू शकले असते. ओट्याला टेकून उभी होते, नळ ठिबकत होता, मी तोंड उघडलंही. आणि मनात काय आलं, तर हे की आता फोन जाणार. आता कुणालाच बाळ म्हणणार नाहीत ते. हिलाही काही मिळणार नाही, हॉस्टेलच्या पोरांनाही नाही, त्या सर्दीवालीलाही नाही. मला बरं वाटलं. मी म्हटलं, “आण उद्या दवाखान्यात.”

बाबांचे कान मी पूर्वी एकदा तपासले होते, नोकरी लागली तेव्हा, मिरवायला म्हणून. ते आवाजबंद खोलीत काचेसमोर बसले आणि धडाधड बटण दाबत सुटले. आत बटण दाबलं की माझ्या टेबलावर एक छोटा दिवा लागतो. मी सूर वाजवला नव्हता तरी दिवा लागत होता. नंतर लक्षात आलं की ते काचेतून माझ्या खांद्याकडे बघत होते, खांदा हलला की दाबत होते. “बाबा, ऐकू आल्यावर दाबायचं, मला बघून नाही!” मी चिडले होते. ते म्हणाले होते, “तू वाजवलंस ते दिसलं की मला.” त्यांना नापास व्हायचं नव्हतं माझ्यासमोर. तेव्हापासून मी सगळ्यांनाच काचेकडे पाठ करून बसवते.

वहिनी त्यांना सोडून हॉस्टेलला गेली. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांना बहुधा माहीत होतं की कशासाठी आलोय. फोन बाहेर ठेवावा लागतो म्हटल्यावर त्यांनी तो माझ्या टेबलावर ठेवला, उताणा, आणि पुन्हा एकदा सरळ केला. मी त्यांना पाठमोरं बसवलं, दार लावलं. सूर दिले. दिवा लागत गेला. डावा कान बराच गेलेला, मोटरींनी खाल्लेला, पण उजवा, फोन लावायचा तो, वयाच्या मानाने ठणठणीत. मग शब्दांची परीक्षा. त्यात आम्ही तोंडासमोर पुठ्ठा धरून माईकवर एकेक शब्द म्हणतो आणि आतल्या माणसाने तो जसाच्या तसा म्हणायचा असतो. “खिडकी,” मी म्हटलं. “खिडकी,” बाबा म्हणाले. “पातेलं.” “पातेलं.” “सुतार.” “सुतार.” त्यांची पाठ ताठ होती, मान किंचित पुढे, एकही शब्द चुकू नये म्हणून. त्या पाठीकडे बघताना मला काय झालं कोण जाणे. एवढंच कळत होतं की उद्यापासून तिचा आवाज त्यांना कधी ऐकू येणार नाही, आणि मला शेवटचं एकदा ती होऊन बोलायचं होतं. पुठ्ठ्याआडून, नाकातून, मी म्हटलं, “पाकीट अडकलंय हो काका.”

“पाकीट अडकलंय हो काका,” बाबा म्हणाले. परीक्षेचा नियम तसाच होता. माझ्याच हेलात म्हणाले. मग त्यांची मान थांबली. नंतर त्यांनी खुर्ची हळूहळू वळवली, गुडघा दाबत, आणि काचेसमोर येऊन बसले. मी पुठ्ठा खाली घेतला. ते माझ्याकडे बघत होते, रागाने नाही, एखाद्या अवघड कुलपाकडे बघावं तसे. “न्हाणीघराची कडीही अडकली नव्हती,” ते म्हणाले. स्पीकरमधून त्यांचा आवाज माझ्या टेबलावर आला, अगदी जवळ. “मला दिसलं होतं दार काढल्यावर. पण लिफ्टचं दार काढता येत नाही गं, म्हणून बोलत बसावं लागतं. तुझं काढता येत होतं.” माईकचं बटण माझ्या बोटाखाली होतं आणि मला ते दाबता येईना. “असं कर,” बाबा पुढे म्हणाले, “लिही, की उजवाही गेला. नाहीतर सून विचारेल, मग फोन कोण करत होतं. तिला कळायला नको. दादालाही नको. मला तसाही कंटाळा आलाय फोनचा.” कंटाळा आलाय म्हणताना त्यांची नजर माझ्या टेबलावर होती, फोनवर.

आणि तो वाजला. आत त्यांना ऐकू आला नसणार, पण पडदा उजळला तो काचेतून त्यांना दिसला. ते अर्धवट उठले आणि परत बसले. हात मांडीवर ठेवले. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली, राहू दे. मी फोन उचलला. एका मुलीचा आवाज होता, धापा टाकणारा, हॉस्टेलची असावी, परीक्षेला निघालेय आणि चॉकलेट मध्येच लटकलंय. मी माईकचं बटण दाबलं आणि फोन माईक आणि स्पीकरच्या मधे धरला. “बाबा, बोला,” मी म्हटलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, “अडकू दे, बाळ. पडेल ते. कितव्या रांगेत आहे?” ती इकडून सांगत होती, ते तिकडून ऐकत होते, आणि मधे मी, हात ताणून, फोन हलू नये म्हणून कोपर दुसऱ्या हाताने धरून. थोपट, ते म्हणाले. मी इथेच आहे, म्हणाले. तिला नाव विचारलं, पेपर कसला ते विचारलं. माझ्या छातीत जुनी आग पडली होती, तशीच्या तशी, त्या हिरव्या पर्सवाल्या बाईच्या वेळची, ती काही विझली नाही. हात भरून आला तरी मी धरून राहिले. पडलं, मुलगी ओरडली, आणि बाबांचा चेहरा काचेआड उजळला.

मी तो फोन बंद करून बाजूला ठेवला, माईक बंद केला आणि माझ्या फोनवरून वहिनीला लावला. “काय निघालं गं?” तिने विचारलं. मागे पाकिटांची सळसळ चालली होती, ती मशीन भरत होती. मी म्हटलं, “कान ठीक आहेत त्यांचे. फोन त्यांच्याकडेच राहू दे. कारखान्यातून तक्रारी करणारी मी होते, वहिनी. रोज. काही अडकत नव्हतं.” तिकडची सळसळ थांबली. “तू?” ती म्हणाली. मग, “पण का?” मी एवढंच म्हणाले, “मला बाबांशी बोलायचं होतं,” आणि मला वाटलं मी हे हळू म्हणाले, पण माझे ओठ, माझे खांदे, सगळं अंग हलत असावं. माईक बंद होता. आत टाचणी पडल्याचा आवाज गेला नसता, सूर मी कुठलाच वाजवला नव्हता. बाबा काचेतून माझ्याकडे बघत होते आणि बटण त्यांच्या हातातच होतं. माझ्या टेबलावरचा दिवा लागला.